पाच मिनिटांचा हल्ला, वर्षभराचे पिस्तूल

१ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एक कायदा लागू झाला. परवाना असलेल्या माणसाला सरकारी विद्यापीठाच्या इमारतींत, अगदी वर्गातसुद्धा, कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याची मुभा या कायद्याने दिली. ऑस्टिनच्या विद्यापीठात ही तारीख सगळ्यांना ठाऊक होती. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, तिथल्या उंच मनोऱ्यावर चढून एका माजी मरीन सैनिकाने दीड तासाहून अधिक काळ खालच्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या.

कायद्याचे समर्थक या घटनेचा दाखला देतात. त्या दिवशी गावातल्या काही लोकांनी घरून शिकारीच्या रायफली आणल्या, खालून मारा केला, आणि मनोऱ्यावरच्या माणसाला कठड्याआड दडावे लागले. हे खरेच घडले. पण त्या दिवशी हल्लेखोर एका जागी होता, तो कोण आणि कुठे आहे हे साऱ्या आवाराला दिसत होते, आणि लोकांच्या हाताशी वेळ होता. तरीही त्याला संपवायला वर पोहोचलेल्या पोलिसांना खालून येणाऱ्या त्याच गोळ्यांपासून जपावे लागले. पुढे शाळा-कॉलेजांत झालेल्या बहुतेक हल्ल्यांत यातले काहीच नव्हते: ना ठरलेली जागा, ना ओळख, ना वेळ.

हा वाद आपल्यापासून लांबचा नाही. टेक्सासमधली विद्यापीठे आपल्याकडच्या अनेक घरांना आता मुलांच्या पत्त्यांमुळे माहीत झाली आहेत. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून वास्तुकला शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि भारतात जन्मलेले एक प्राध्यापकही होते.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकट राज्यातल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर आठवड्याभरातच नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या प्रमुखांनी जाहीर केले की, बंदूक घेतलेल्या वाईट माणसाला बंदूक घेतलेला चांगला माणूसच थांबवू शकतो. शिक्षकांच्या हाती पिस्तूल द्यावे ही मागणी तिथून जोरात पुढे आली. २०२४ मध्ये टेनेसी राज्याने प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना तशी परवानगी देणारा कायदा केला. राज्यघटनेतला बंदूक बाळगण्याचा हक्क, स्वातंत्र्य, सरकारवरचा अविश्वास असे या वादाचे अनेक पदर आहेत, आणि त्यांचा निकाल प्रयोगशाळेत लागणार नाही. पण बंदूकच थांबवते, हे विधान मात्र तपासता येते.

अमेरिकेच्या एफबीआयने २००० ते २०१३ या काळातल्या १६० गोळीबारांचा अभ्यास केला. हे फक्त शाळांतले नव्हते. कार्यालये, दुकाने, रस्ते असे सगळे त्यात होते. ज्या ६३ घटनांचा कालावधी नेमका कळला, त्यांतल्या ४४ पाच मिनिटांत संपल्या आणि २३ तर दोन मिनिटांच्या आत. १६० पैकी ५ घटनांत पोलीस नसलेल्या सशस्त्र व्यक्तींनी हल्लेखोराशी गोळीबार केला आणि हल्ला थांबला; त्यांतही एकच साधा नागरिक होता, बाकीचे पहारेकरी. २१ घटनांत मात्र हातात काहीही नसलेल्या माणसांनी हल्लेखोराला आवरले. त्यांतल्या ११ घटनांत ही माणसे शाळेतलीच होती: मुख्याध्यापक, शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी. बंदूक बाळगण्याच्या बाजूचे काही अभ्यासक म्हणतात की, नागरिकांनी हाणून पाडलेले हल्ले या मोजणीतून सुटले. या आक्षेपाची नोंद घ्यायलाच हवी. पण आकडे थोडे वाढवून घेतले, तरी निःशस्त्र माणसांनी केलेले काम या वादात किती कमी बोलले जाते, हे लपत नाही.

आता शरीराकडे वळू. अचानक गोळ्यांचा आवाज आला की अड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय धडधडू लागते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम. बोटांच्या नाजूक हालचालींना मात्र ती घातक, कारण हात कापू लागतो. नजर समोरच्या एका बिंदूवर खिळते आणि कडेचे दिसेनासे होते. गोळीबारात सापडलेल्या अनेक पोलिसांनी नंतर सांगितले आहे की, स्वतःच्या पिस्तुलाचा आवाजही त्यांना नीट ऐकू आला नव्हता. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या नोंदी रँड या संशोधन संस्थेने तपासल्या. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभर गोळ्यांपैकी सुमारे १८ निशाण्यावर लागल्या होत्या. उरलेल्या ८२ कुठेतरी दुसरीकडे गेल्या. हे पगारी, नियमित सराव करणारे पोलीस होते. शाळेत शस्त्र बाळगू इच्छिणाऱ्या कर्मचाऱ्यांना फ्लोरिडात १४४ तास आणि टेक्सासच्या ‘स्कूल मार्शल’ योजनेत ८० तास प्रशिक्षण दिले जाते. पळणाऱ्या मुलांनी भरलेल्या व्हरांड्यात त्या ८२ गोळ्या कुठे जातील, याचे उत्तर मला तरी शिक्षकांना शस्त्र द्या म्हणणाऱ्यांच्या कुठल्याही मांडणीत सापडलेले नाही.

आणि गोळी झाडायची कोणावर? २०१५ मध्ये ऑरेगनमधल्या उम्पक्वा कम्युनिटी कॉलेजात गोळीबार झाला, तेव्हा आवारात सैन्यात काम केलेला एक विद्यार्थी होता. त्याच्याकडे परवान्याचे पिस्तूलही होते. तो बाहेर पडला नाही. धावत येणारे पोलीस आपल्यालाच हल्लेखोर समजतील, ही भीती त्याने नंतर बोलून दाखवली. मला त्याचा निर्णय अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

सशस्त्र पहारा असूनही हल्ले झाले, याचे दाखले ठळक आहेत. १९९९ मध्ये कोलंबाइन हायस्कूलवर नेमलेल्या पोलिसाने हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या होत्या, तरी १३ जण गेले. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेवरचा सशस्त्र पोलीस इमारतीबाहेरच थांबला आणि आत १७ जण मारले गेले. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डी गावात ३७६ पोलीस जमले, पण वर्गात शिरून हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटे लागली. १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्या.

केवळ दाखल्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून मोजमाप पाहू. १९८० ते २०१९ या काळातल्या शाळांमधल्या १३३ गोळीबारांचा आणि गोळीबाराच्या प्रयत्नांचा अभ्यास २०२१ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जवळजवळ चौथाई घटनांत शाळेत सशस्त्र पहारेकरी हजर होता. इतर घटक जमेस धरून तुलना केली, तेव्हा पहारेकरी असलेल्या ठिकाणी मृत्यूंचे प्रमाण २.८३ पट निघाले. यावरून पहारेकऱ्यामुळे माणसे मरतात असे म्हणणे चुकीचे ठरेल. जिथे धोका जास्त वाटतो तिथेच पहारेकरी नेमले जातात. शिवाय पहारेकरी पाहून कोणी हल्ल्याचा बेतच सोडला असेल, तर तो या यादीत येणारच नाही. पण पहाऱ्यामुळे जीव वाचतात, असा पुरावा या आकड्यांत दिसत नाही, एवढे नक्की म्हणता येते. संशोधकांनी सुचवलेले एक कारण मला पटते. शाळेवर हल्ला करणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःलाही जगायचे नसते. बंदुकीचा धाक दाखवणे हे समोरच्याला जीव प्यारा आहे, या गृहीतकावर उभे असते. इथे ते गृहीतकच ढासळते.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा दुर्गम शाळांचा आहे. टेक्सासमधल्या हॅरल्ड या छोट्या गावाने २००७ मध्येच आपल्या शिक्षकांना शस्त्र बाळगू दिले, कारण पोलीस पोहोचायलाच फार वेळ लागतो. पाच मिनिटांत संपणाऱ्या हल्ल्यापुढे दूरच्या पोलिसांचा काय उपयोग, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. असा प्रश्न विचारणाऱ्या पालकाला अडाणी ठरवून वाद पुढे जात नाही.

तरीही एक हिशेब करावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या वादाची गाठ तिथे आहे. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत ३० लाखांहून जास्त शिक्षक आहेत. समजा दहांतल्या एकाने पिस्तूल आणले, तर ३ लाख पिस्तुले झाली. शाळेचे दिवस साधारण १८०. म्हणजे वर्षाला ५ कोटी ४० लाख वेळा एक भरलेले पिस्तूल मुलांमध्ये येणार. दर दहा लाख वेळांत एकदाच ते स्वच्छतागृहात विसरले गेले, पर्समधून पडले किंवा कुणा मुलाच्या हाती लागले, असे धरले तरी वर्षाला असे ५४ प्रसंग होतात. दहा लाखांत एक हा आकडा मी समजुतीसाठी घेतला आहे. तो कमी-जास्त असू शकेल. पण हल्ला एखाद्याच शाळेत, काही मिनिटांपुरता येतो आणि पिस्तूल मात्र रोज, सर्वत्र असते, हे प्रमाण त्याने बदलत नाही. २०१४ मध्ये आयडाहोच्या एका विद्यापीठात प्राध्यापकाच्या खिशातले पिस्तूल वर्गातच उडाले आणि त्याच्या पायाला गोळी लागली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एक शिक्षक, जो राखीव पोलीसही होता, मुलांना बंदुकीची सुरक्षितता शिकवत असताना त्याच्या हातून गोळी सुटली.

मुलांना नीट शिकवले तर ती हात लावणार नाहीत, असे अनेकांना वाटते. २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वयाच्या ६४ मुलग्यांना लहान लहान गटांत एका खोलीत खेळायला सोडले. खणात एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल होते. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी हाताळले आणि १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. पिस्तूल हाताळणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितले की, बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे त्यांना आधी मिळालेले होते.

कॉलेजात प्रश्नाचे रूप बदलते. टेक्सासमध्ये कायदा लागू झाला तेव्हा परवान्याला २१ वर्षे वयाची अट सर्वसाधारणपणे होती, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची बहुतेक मुले त्यात बसत नव्हती. पण आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो. त्यात घरापासून दूर राहणे, परीक्षा, दारू, एकटेपण यांची भर पडते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, ही गोष्ट वादात क्वचित येते. टोकाच्या निराशेची लाट अनेकदा थोड्या वेळाची असते आणि ती ओसरेपर्यंत हाताशी बंदूक नसणे हा जगण्या-मरण्यातला फरक ठरतो. ज्यांचा असा प्रयत्न फसतो, त्यांतले दहांपैकी नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये सैनिकांना सुट्टीवर जाताना शस्त्र तळावर ठेवायला लावले. सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या.

मग हल्ले थांबवायचे कुठे? अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस, राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणारी यंत्रणा, हिने शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० मधल्या ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. ८१ टक्के हल्ल्यांत कुणाला तरी, बहुधा मित्राला किंवा वर्गातल्या मुलाला, बेत आधी माहीत होता. ७८ टक्के हल्लेखोरांनी पूर्वी आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न केला होता. आणि ६८ टक्क्यांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. २००८ ते २०१७ मधल्या घटनांचा याच यंत्रणेने पुन्हा अभ्यास केला, तेव्हा बंदूक वापरणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांकडे ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरची निघाली. २००७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतला मुलगा गोळीबारात मारला गेला, तेव्हा पिस्तूल एका आरोपी विद्यार्थ्याच्या वडिलांचे होते.

घरातल्या बंदुकीवर संशोधन फार पूर्वीच व्हायला हवे होते. १९९३ मध्ये एका अभ्यासाने दाखवले की, घरात बंदूक असणे आणि त्या घरात खून होण्याचा वाढीव धोका यांचा संबंध आहे. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक आरोग्याच्या मध्यवर्ती संस्थेला बजावले की, बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी निधी वापरायचा नाही. संशोधनावर उघड बंदी नव्हती, पण धसका असा बसला की सुमारे वीस वर्षे हा विषय जवळजवळ उपाशी राहिला. २०२० च्या अंदाजपत्रकात अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. त्याच २०२० मध्ये १ ते १९ वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक ठरले; मोटार अपघात मागे पडले. हा मधला काळ मला फार अस्वस्थ करतो.

जे संशोधन झाले, ते घरातल्या कपाटाकडेच बोट दाखवते. २०१५ च्या एका पाहणीनुसार अमेरिकेतली सुमारे ४६ लाख मुले अशा घरांत राहत होती, जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती. २०१९ च्या एका गणितानुसार, मुले असलेल्या आणखी काही घरांनी सगळ्या बंदुका कुलपात ठेवल्या, तर मुलांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू ३२ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतील. २०२१ मध्ये मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये चार विद्यार्थी मारले गेले. २०२४ मध्ये हल्लेखोर मुलाच्या आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आले. बंदूक घरात मोकळी ठेवणे, हा त्या खटल्यातला एक मुख्य मुद्दा होता.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगते की, मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असल्यास ती कुलपात असते का? ह्यूस्टनमध्ये किंवा डॅलसच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी आई-वडिलांना असे विचारणे अवघड वाटणे साहजिक आहे. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे आपण ज्या फोनवर सांगतो, त्याच फोनवर हेही विचारता येते.