भैय्या चौकातलं घर : डॉ. कोटणीसांच्या जन्मस्थानाची पार्श्वभूमी

चीन-जपान युद्धात चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. भैय्या चौकातलं त्यांचं घर आजही उभं आहे. महापालिकेने त्याची डागडुजी केली आणि १ जानेवारी २०१२ रोजी ते स्मारक म्हणून खुलं झालं. बाहेरगावच्या पाहुण्यांना तिथे घेऊन गेलं की एक प्रश्न हमखास येतो : घर तर साधंच आहे, यात वारसा म्हणून जपण्यासारखं काय? प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

१८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली आणि इथला कापूस थेट मुंबई बंदराच्या वाटेला लागला. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे इतर गिरण्या आल्यावर लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मग लक्ष्मी, विष्णू आणि भैय्या चौकाजवळची नरसिंग गिरजी. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आजूबाजूच्या खेड्यांतून मराठी आणि कानडी माणसं आली. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं.

या माणसांची घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरच्या उन्हात माळवदाखाली जो गारवा मिळतो तो स्लॅबखाली मिळत नाही. पण पावसाळ्याआधी नवी माती टाकून बडवावी लागते. एक वर्ष चुकलं की तुळईवरून पाण्याची धार लागलीच. साखर पेठेतलं माझं आजोळचं घर असंच गेलं. दोन वर्षं माती पडली नाही, तिसऱ्या वर्षी मधली तुळई खचली. हाताच्या वेंगेत न मावणाऱ्या त्या सागवानी तुळया जळणाच्या भावाने टेम्पोत भरताना मी पाहिल्या आहेत. त्या दिवसापासून जुनं घर टिकणं ही गोष्ट मला आपोआप घडणारी वाटत नाही. कोणीतरी दरवर्षी राबतं, तेव्हाच ते टिकतं.

अशा गावात कोटणीस वाढले. ते एकोणीस वर्षांचे असताना, मे १९३० मध्ये, ब्रिटिशांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली गेली. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला निघाले. पथकात पाच डॉक्टर होते. चौघे परतले. कोटणीस तिथेच राहिले, रणभूमीजवळच्या इस्पितळांत शस्त्रक्रिया करत राहिले, क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरात आहे. सोलापूरकडे उरलं ते हे घर.

वारसा ठरवताना आपण कोरीव खांब आणि उंच कमानी शोधतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकासाठी शंभर वर्षांची अट घातली आहे. १९९५ ची मुंबईची वारसा नियमावली मात्र वास्तूचं स्थापत्य बघते, तसाच तिचा एखाद्या व्यक्तीशी किंवा घटनेशी असलेला संबंधही बघते. कोटणीसांच्या घराचं मोल या दुसऱ्या मापाने मोजायला हवं. मला तर त्याचा साधेपणाच मोलाचा वाटतो. वारद घराण्याची इंद्रभुवन ही भव्य वास्तू बघून गिरण्यांच्या काळातली श्रीमंती कळते, पण मध्यमवर्गीय माणूस किती जागेत राहत होता हे कळायला असंच घर लागतं.

गिरण्या बंद पडल्या, पेठांतली माळवदं एकेक करून उतरली. म्हणून या घरात चीनच्या बरोबरीने गिरणगावही दिसायला हवं : भोंग्यांच्या वेळा, चाळींचा नकाशा, माळवद कसं घालायचं त्याची कृती. गिरणीत पाळ्या केलेली माणसं आता थकली आहेत. त्यांना याच घरात बसवून, चहा देऊन, त्यांच्या आठवणी लिहून घ्यायला आत्ताच सुरुवात केली पाहिजे.