वाळू रगडण्याआधी: चिकाटी कुठली आणि हट्ट कुठला

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीवर निळ्या रंगात एक ओळ लिहिलेली होती: 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे'. फोंडा तालुक्यातल्या त्या शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं आणि ही ओळ मुलांना कितीदा तरी चिकाटीचा दाखला म्हणून सांगितली. पुढे कधीतरी पूर्ण श्लोक वाचायला मिळाला. भर्तृहरीच्या नीतिशतकातला हा श्लोक वामन पंडितांनी मराठीत आणला. त्यात पुढे म्हटलंय की वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडताना सशाचं शिंगसुद्धा मिळेल, पण मूर्खाचं मन काही धरता येणार नाही. मूळ संस्कृतात तर त्या मूर्खाला 'प्रतिनिविष्ट' असं विशेषण आहे. म्हणजे आपलंच धरून बसलेला. हट्टी.

चिकाटीचं म्हणून आपण भिंतीवर लिहितो ते वचन खरं म्हणजे हट्टाबद्दलचं आहे. हे कळलं त्या दिवसापासून या दोन गोष्टींतला फरक मुलांना नीट सांगायला हवा असं मला फार वाटतं, कारण घोटाळा फक्त भिंतीवर नाही, घराघरांत आहे.

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. चिकाटीचा मुलगा पहाटे चारला उठतो, हट्टी मुलगाही चारला उठतो. दोघंही थकतात, दोघांनाही लोक 'बस झालं आता' म्हणतात, दोघंही ऐकत नाहीत. शेवटी यश मिळालं की आपण म्हणतो, बघा काय चिकाटी! नाही मिळालं की म्हणतो, हट्टाला पेटला होता, दुसरं काय. असं निकालावरून नाव ठेवण्याचा काडीचा उपयोग नाही. ज्याला उद्या पुन्हा पुस्तक उघडायचं की नाही हे ठरवायचंय, त्याच्या हातात अजून निकाल नसतो.

'इतकी वर्षं झाली, फळ नाही, म्हणजे हा हट्टच' असंही म्हणता येत नाही. आमच्या शेजारी कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. पोफळीचं रोप लावल्यावर पहिली सुपारी धरायला साधारण पाच ते सात वर्षं जातात. तेवढी वर्षं शेजारचे काका पाणी सोडतात, पाट साफ करतात, खत घालतात. चौथ्या वर्षी हातात एक सुपारी नसते आणि तरीही त्यांना कोणी हट्टी म्हणत नाही, कारण त्या झाडाची मुदत त्यांना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फळ नसलं तरी झाड काहीतरी सांगत असतं. पोफळीचं पान गळलं की खोडावर त्याचं वळं राहतं. वळी मोजून, पानांचा रंग बघून काका सांगतात कुठलं झाड चाललंय आणि कुठलं नुसतं उभं आहे. एका कोपऱ्यातली दोन झाडं त्यांनी मागच्या वर्षी काढून टाकली. तिथे पाणी तुंबत होतं. बाग मात्र सोडली नाही.

आता माझ्या भाचीची गोष्ट सांगते. तिला डॉक्टर व्हायचंय. नीटच्या परीक्षेला ती तीनदा बसली, तिन्ही वेळा थोडक्यात राहिली. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे आली ती रडवेली होऊनच.

"मावशी, तीन वर्षं घातलीत गं यात. आता सोडू कशी?"

मी विचारलं, "गेल्या खेपेला मार्क कुठे गेले?"

"फिजिक्समध्ये."

"फिजिक्समध्ये कुठे?"

ती गप्प. मग म्हणाली, "फिजिक्सच कच्चं आहे माझं. म्हणून तर दरवर्षी त्यालाच जास्त वेळ देते."

या दोन उत्तरांत मला फरकाची खूण सापडली. हट्ट काय घातलं ते मोजतो: वर्षं, तास, क्लासची फी. चिकाटीला काय बदललं ते सांगता येतं. माझ्या भाचीला तीन वर्षांचा हिशेब तोंडपाठ होता, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने वेगळं काय केलं, हे विचारल्यावर सांगण्यासारखं काही नव्हतं. कष्टात ती तसूभर कमी पडली नव्हती. तेच कष्ट त्याच वाटेने पुन्हा घातले होते, इतकंच.

आम्ही तिचे जुने सराव पेपर काढून बसलो. नीटमध्ये 180 प्रश्न आणि 720 गुण. त्यातले निम्मे, म्हणजे 90 प्रश्न जीवशास्त्राचे, फिजिक्सचे फक्त 45. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. प्रश्न सोडून दिला तर शून्य. तिने पाच पेपरांतला प्रत्येक चुकलेला प्रश्न वहीत उतरवला आणि समोर कारण लिहिलं: येत नव्हतं, घाईत वाचलं, अंदाजाने मारलं. चार संध्याकाळी गेल्या त्यात. निघालं असं की फिजिक्समध्ये जे जात होते ते जात होतेच, पण त्याहून जास्त गुण जीवशास्त्रातल्या लांबलचक विधानांच्या प्रश्नांत जात होते. 'हा तर माझा पक्का विषय' म्हणून ती ते भरभर वाचत होती. तीन वर्षं ती चुकीच्या कोपऱ्यात पाणी घालत होती.

'इतकं घातलंय, आता कसं सोडू' ही तिच्या मनातली अडचण फार जुनी आहे आणि तिच्यावर अभ्यासही झालेला आहे. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या कामातला एक प्रयोग नाटकवेड्या गोव्यात सगळ्यांना पटकन कळेल. एका नाट्यगृहाची वर्षभराची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण दराने, पंधरा डॉलरला, तिकीट मिळालं, काहींना तेरा, काहींना आठ डॉलरला. सूट कोणाला, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरलेलं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण दर भरलेली माणसं सूट मिळालेल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेली. गेलेला पैसा त्यांना ओढून नेत होता. तो तर घरी बसलं तरी परत येणार नव्हता आणि जाऊन बसलं तरीही नाही. गेलेल्या वर्षांचंही तसंच. ती वाया गेली असंही मी म्हणत नाही, पण पुढचं वर्ष घालावं की नाही याचं कारण मागच्या वर्षांत नसतं. ते पुढच्या वर्षातच शोधावं लागतं.

चिकाटी म्हटलं की मला आपल्या गोव्यातल्या सांखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आठवतात. 1876 चा जन्म, शाळेचं शिक्षण नावापुरतं. एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा हे मनात पक्कं झालं. 1899 साली ते घराबाहेर पडले. पुण्यात गेले, तिथून पुढे काशीला जाऊन अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म नेपाळात जिवंत असेल या आशेने तिथे गेले आणि निराश झाले. एवढा प्रवास, एवढे हाल, आणि हवं ते तिथे नव्हतंच. आता आलोच आहे तर इथेच काहीतरी करू, असं त्यांनी केलं नाही. बुद्धगयेला आले, तिथे चौकशी केली, कलकत्त्याहून श्रीलंका गाठली आणि 1902 मध्ये तिथे पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा, शिकायला बसले. पुढे हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम हाती घेतलं. त्यात मतभेद झाले, काम रखडलं, त्यासाठी ते पुन्हा पुन्हा अमेरिकेला गेले. नुसती वाटही पाहिली नाही: देवनागरीतली त्यांची आवृत्ती 1940 मध्ये मुंबईत निघाली. हार्वर्डची प्रत छापून आली 1950 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

ही गोष्ट सांगताना एक गाळू नये. ते निघाले तेव्हा घरी बायको आणि तान्ही मुलगी होती. चिकाटीची किंमत पुष्कळदा दुसरंच कोणीतरी मोजत असतं, आणि ध्येय थोर असलं म्हणून ती किंमत कमी होत नाही. आपल्या मुलांसमोर थोरांची नावं घेताना हेही बोलावं असं मला मनापासून वाटतं.

केरी गाव माझ्या घरापासून लांब नाही. तिथल्या गायिका केसरबाई केरकर लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने शिकल्या, नंतर रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्यत्व घेतलं, ते 1921 मध्ये, वयाच्या तिशीला टेकल्यावर, आणि तिथे वर्षानुवर्षं तालीम घेतली. इतक्या जणांकडे शिकून झाल्यावर कोणीही म्हणालं असतं, येतंय तेवढं पुरे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे.

पण 'वाट बदला' हे ऐकून कोणी दर महिन्याला क्लास बदलायला लागला, तर तीही चिकाटी नाही. तिला आपल्याकडे धरसोड हा चोख शब्द आहे. वाट बदलायची तर ती चुकली कुठे हे आधी सांगता आलं पाहिजे. कंटाळा हे कारण धरू नये. कंटाळा बरोबर वाटेवरही येतो.

उरला शेवटचा प्रश्न, थांबायचं कधी. काही ठिकाणी नियमच थांबवतात. यूपीएससीला खुल्या गटातल्या उमेदवाराला सहा प्रयत्न, वय बत्तीसपर्यंत. जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणून तिथे मुलं सगळ्यात जास्त अडकतात, आणि म्हणूनच ती आपली आपण घालावी लागते. तीही निकालाच्या दिवशी नको. त्या दिवशी मन एकतर हट्टाला पेटलेलं असतं किंवा पार विझलेलं. कार्स्टन रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं की गाठता न येणाऱ्या ध्येयातून ज्यांना बाहेर पडता येतं आणि दुसऱ्या अर्थपूर्ण कामाला लागता येतं, त्यांचं मन जास्त स्वस्थ असतं. यातला दुसरा भाग विसरू नये. नुसतं सोडून रिकामं बसणं फार जड जातं. पुढचं काम दिसत असलं की हात सुटतो.

भाचीने चौथ्यांदा बसायचं ठरवलंय. चुकांच्या वहीत दर रविवारी तीन रकाने भरते. ऑगस्टमध्ये 'घाईत वाचलं' या रकान्यात एका पेपरामागे चौदा प्रश्न होते, गेल्या रविवारी सहा. फिजिक्स अजून तिथंच आहे, त्याला आता वेगळे सर शोधलेत. वहीच्या शेवटच्या पानावर तिने दोन ओळी लिहिल्यात: काय झालं तर पुढे बसायचं नाही, आणि मग कुठल्या कोर्सचा अर्ज भरायचा. ते पान तिने मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. आईला मात्र वाचायला दिलं आणि खाली तिची सही घेतली.