श्वास घ्यायला कोण सांगतं?

गेल्या महिन्यात परळच्या एका रुग्णालयात, आयसीयूबाहेरच्या बाकावर, शेजारच्या दोन मुलांबरोबर मी दोन रात्री काढल्या. त्यांच्या वडिलांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ‘ब्रेनडेड’ हा शब्द उच्चारला. धाकट्याने माझा हात घट्ट धरला. “काका, अहो छाती हलतेय बाबांची. हात गरम आहे. मग गेले असं कसं म्हणतात?” तेवढ्यात थोरल्याच्या फोनवर कुणा नातेवाइकाचा फॉरवर्ड आला: रुग्णालयं मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात, ताबडतोब मशीन काढायला लावा. एका भावाला वाटत होतं जिवंत बापाला मारताहेत, दुसऱ्याला वाटत होतं मेलेल्याला जिवंत दाखवताहेत. दोघांच्याही मनात एकच गैरसमज होता, की मशीन माणसाला जिवंत ठेवतं.

आयुष्यभर मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्या बाकावर मला वाटलं, जीवरक्षक उपचार थांबवण्याच्या नीतीवर, कायद्यावर बोलण्याआधी एक साधी गोष्ट प्रत्येक घराला कळायला हवी. आपल्याला श्वास घ्यायला सांगतं कोण?

दादरला लोकल सुटली की श्वास रोखून धरा. परळ स्टेशन येण्याच्या आत बहुतेकांचा श्वास सुटतो. का सुटतो? वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं, “ऑक्सिजन संपला म्हणून.” करोनाच्या दिवसांत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून हाच प्रयोग करा. मी परवा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून केला. अठ्ठावन्न सेकंदांनी छाती फुटायची वेळ आली, तोंड उघडलं, आणि बोटावरचा आकडा तेव्हाही ९६ होता. ऑक्सिजन संपलेला नव्हता. साठला होता तो कार्बन डायऑक्साइड.

ही यंत्रणा इतकी सुंदर आहे की ती सांगताना मी नेहमीच रेंगाळतो. रक्तातला हायड्रोजन आयन मेंदूभोवतीच्या पडद्यातून सहजी आत जात नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र बिनअडथळा जातो. आत गेला की पाण्याशी संयोग होऊन कार्बोनिक आम्ल तयार होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि मेंदूतल्या द्रवाची आम्लता वाढते. शाळेच्या पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ आठवा, मेंदूचं सगळ्यात खालचं टोक, जिथून मेरुरज्जू सुरू होतो. त्याच्या पुढच्या पृष्ठभागालगत काही पेशी ही आम्लता सतत चाखत बसलेल्या असतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. तो एक मिलिमीटर चढला तरी मिनिटाला आपण दोनेक लिटर हवा जास्त ओढतो. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे पहारेकरी वेगळे, ते मानेतल्या रोहिणीपाशी असतात, आणि ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० च्या आसपास उतरेपर्यंत ते फारशी ओरड करत नाहीत. म्हणून तर पोहण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड धुऊन टाकणारी मुलं पाण्याखाली बेशुद्ध पडतात. श्वास घे म्हणून सांगणारा निरोप पोहोचायच्या आधीच ऑक्सिजन संपलेला असतो.

निरोप मिळाल्यावर ताल कोण धरतं? मस्तिष्कपुच्छातच पेशींचा एक छोटासा पुंजका आहे, प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स. १९९१ साली संशोधकांनी नवजात उंदराच्या मेंदूचा पातळ काप काढला. एवढा पुंजका त्या कापात शिल्लक होता आणि काचेच्या भांड्यातही श्वासाचा ताल उमटत राहिला. (नावातलं बॉट्झिंगर एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून आलं आहे.) हा ताल मेरुरज्जूतून मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मणक्याजवळ निघणाऱ्या फ्रेनिक नसेत जातो, श्वासपटल खाली खेचलं जातं आणि हवा आत येते. झोपेत, भुलीत, गप्पांच्या ओघात, कुणीही लक्ष न देता.

हृदयाची गोष्ट निराळी. त्याचा ताल त्याच्याच भिंतीतल्या पेशी धरतात, मेंदूची परवानगी लागत नाही. ऑक्सिजन मिळत राहिला तर मेंदू पूर्ण मेल्यावरही हृदय काही काळ धडधडत राहतं, हात गरम राहतो. व्हेंटिलेटर हृदय चालवत नाही, तो फक्त हवा आत ढकलतो. धाकट्याला दिसणारी छाती मशीन हलवत होतं.

मग माणूस गेला की नाही हे कसं ठरवतात? भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात ब्रेनस्टेम डेथची व्याख्या आहे. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ, मस्तिष्कपुच्छ त्याचाच खालचा भाग. या देठाचं सगळं काम कायमचं, न परतण्याजोगं बंद पडलेलं असायला हवं. चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासतात. गुंगीची औषधं किंवा शरीर गारठणं अशी फसवी कारणं आधीच बाद केलेली असतात. डोळ्याच्या बाहुलीवर प्रकाश टाकतात, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे वळतात का पाहतात, घशात नळी हलवून खोकला येतो का बघतात. शेवटी श्वासाची परीक्षा, अ‍ॅप्नीया टेस्ट.

या परीक्षेत शरीरशास्त्राची सगळी समज वापरलेली आहे. आधी रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन भरपूर देतात. मग व्हेंटिलेटर सोडवतात, पण श्वासनलिकेत बारीक नळीने ऑक्सिजन सोडत राहतात, म्हणजे ऑक्सिजन कमी पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर जायला वाट नसल्याने मिनिटाला साधारण तीन मिलिमीटरने चढतो. चाळीसवरून साठच्या पुढे जायला आठेक मिनिटं लागतात. (ज्याला जुना दम्यासारखा फुप्फुसाचा आजार आहे त्याचा मूळचा दाबच जास्त असतो, तिथे मूळ आकड्यापेक्षा वीसने वाढ धरतात.) आम्लतेचा इतका कडक हुकूम झाल्यावर ताल धरणारी यंत्रणा जिवंत असती तर छाती उचलली गेली असती. धाकट्याला डॉक्टरांनी काचेबाहेर उभं राहू दिलं. छाती उघडी होती आणि तो एकटक बघत होता. रक्ताच्या तपासणीत आकडा साठच्या वर गेला, छाती हलली नाही. त्याने माझ्याकडे पाहून फक्त “नाही” म्हटलं आणि खाली बसला.

त्या रात्री थोरल्याच्या फोनवर आणखी एक व्हिडिओ आला, ब्रेनडेड माणसाने हात उचलला म्हणे, चमत्कार. असं खरंच होतं. त्याला लाझारस रिफ्लेक्स म्हणतात. मेरुरज्जू जिवंत असतो, त्याच्यातले प्रतिक्षेप स्वतंत्र चालतात, कधी हात वर येऊन छातीवर पडतात. त्यावर देवाची कृपा चिकटवणारे आणि “पंचक उतरेपर्यंत मशीन काढू नका” असं सांगणारे, दोघेही शोकात बुडालेल्या घरावर आणखी ओझं टाकतात. त्यांना ठामपणे गप्प बसवायला हवं.

आता याच्या अगदी उलट टोकाची माणसं पाहा. परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयात, त्यांच्याच कामाच्या ठिकाणी, एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांचा गळा कुत्र्याच्या साखळीने आवळून अत्याचार केला. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही, प्रमस्तिष्क, म्हणजे जाणीव आणि विचार सांभाळणारा मोठा मेंदू, उद्ध्वस्त झालं. देठाला मार लागला होता, पण श्वासाचा ताल टिकला. श्वास त्यांचा स्वतःचा होता. जाग-झोपेचं चक्र होतं, जाणीव जवळजवळ नव्हती. अशा स्थितीत काढायला मशीनच नसतं. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाबतीत उपचार थांबवायला नकार दिला. केईएमच्या परिचारिका त्यांना मऊ अन्न भरवत होत्या, एवढ्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नव्हता, आणि परिचारिकांनी ठाम विरोध केला होता. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याचा दरवाजा देशात पहिल्यांदा उघडला. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या.

अमेरिकेत कॅरेन अ‍ॅन क्विन्लन या तरुणीच्या पालकांनी १९७६ साली न्यू जर्सीच्या न्यायालयातून व्हेंटिलेटर काढण्याची परवानगी मिळवली. काढला, आणि ती स्वतः श्वास घेऊ लागली. ती १९८५ पर्यंत जगली. तिचा देठ जिवंत होता, आणि मशीन काढणं म्हणजे मारणं हा समज तिथेच खोटा ठरला. मशीन काढल्यावर आजार त्याच्या वाटेने जातो, एवढंच घडतं.

कायद्याची पुढची पावलं थोडक्यात. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. पण पद्धत इतकी किचकट, दंडाधिकाऱ्यासमोर जाण्याची अट असलेली, की ती कुणाला वापरता येईना. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रुग्णालयात तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ, मग तीन जणांचं दुय्यम मंडळ, दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. उपचार थांबवण्याआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. लिव्हिंग विल नसेल तरी कुटुंबाच्या संमतीने हीच वाट आहे. मरणासाठी इंजेक्शन देणं मात्र गुन्हाच आहे, आणि तो गुन्हाच राहावा असं माझं मत आहे. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी हे कागद जपून ठेवणारा अधिकारी नेमावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, आणि महापालिकेने वॉर्डांच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे ते काम दिलं.

या सगळ्याला मराठीत आपण ‘इच्छामरण’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. इच्छामरण भीष्मांचं, उत्तरायणाची वाट बघणारं. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न-औषध सोडलं, तेही स्वतःच्या निर्धाराने. आयसीयूतला बेशुद्ध माणूस काहीच ठरवत नसतो. त्याच्यावर चाललेल्या उपचाराचा उपयोग उरलेला नाही, एवढंच त्याच्या वतीने मान्य करायचं असतं.

एक उणीव मला फार टोचते. ब्रेनस्टेम डेथ आपल्याकडे अवयवदानाच्या कायद्यातच बसवलेली आहे. कुटुंबाने दानाला नकार दिला की तोच मृतदेह कायद्याच्या नजरेत अधांतरी राहतो आणि डॉक्टर मशीन बंद करायला कचरतात. केरळने २०२० मध्ये आदेश काढून सांगितलं की दान असो वा नसो, ब्रेनस्टेम डेथ म्हणजे मृत्यू. महाराष्ट्राने हे करायला हवं. नाहीतर फॉरवर्ड पाठवणाऱ्यांच्या संशयाला आपणच खाद्य पुरवतो.

शेजारच्या दोघांनी वडिलांची मूत्रपिंडं आणि डोळे दिले. घरी आल्यावर मी माझा कागद केला, खालच्या मजल्यावरचे जोशी आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी साक्षीदार, नोटरी दादरला. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणं, ही कलमं पटकन लिहून झाली. सौ.चा कागद अजून व्हायचा आहे. नाकातल्या नळीने अन्न देणं थांबवण्याच्या कलमावर ती अडली आहे. तिच्या मते तो उपचार नव्हे, ते भरवणं आहे. केईएमच्या परिचारिकाही अरुणाला भरवतच होत्या, असं ती म्हणते, आणि याला माझ्याकडे शरीरशास्त्राचं उत्तर नाही. रविवारी परत बसणार आहोत.