वेदनेला आवर घालणारा मेंदू : जॉन लीबेस्किंड यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

इजा जितकी मोठी तितकी वेदना मोठी, हा समज फार जुना आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या मृत्यूनंतर, १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेदनेला घंटेच्या दोरीची उपमा दिलेली आढळते : पायाला विस्तवाचा चटका बसला की दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. या चित्रात मेंदूला ऐकण्यापलीकडे काही काम नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणारे अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांना मात्र निराळेच दिसले. गंभीर जखमी पण पूर्ण शुद्धीवर असलेल्या सैनिकांना ‘दुखणे कमी करायला काही देऊ का?’ असे विचारले असता सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटल्याचे त्यांनी १९४६ साली नोंदवले. जखमेमुळे रणांगणातून सुटका झाली, म्हणून वेदना सुसह्य झाली असावी, असा त्यांचा अर्थ होता. तो पटण्याजोगा असला, तरी शरीरात नेमके काय घडते हे त्यातून कळत नव्हते.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूत एक ‘दार’ असल्याची कल्पना मांडली. वेदनेचे संदेश तिथे अडवले किंवा पुढे सोडले जातात आणि त्यावर मेंदूचाही ताबा चालतो, असे त्यांचे म्हणणे होते. तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञांचा शोध घेण्याची दिशा या मांडणीने पक्की केली. चारच वर्षांनी डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतील एका भागाला विजेचे सौम्य उद्दीपन देऊन, भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉन लीबेस्किंड या टप्प्यावर पुढे आले. डेव्हिड मेयर, हुदा अकिल आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी १९७१ साली या उद्दीपनाचा परिणाम पद्धतशीर तपासून प्रसिद्ध केला. अशा प्रयोगांतली एक नेहमीची चाचणी अगदी साधी असते : उंदराच्या शेपटीवर उष्ण प्रकाशाचा झोत टाकायचा आणि ती झटकायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. वेदना दबली असेल तर शेपटी उशिरा हलते. नॅलॉक्सोन हे औषध मॉर्फिनचा, म्हणजे अफूपासून मिळणाऱ्या वेदनाशामकाचा, परिणाम रोखते, आणि त्याच औषधाने विजेच्या उद्दीपनातून आलेला आरामही अंशतः नाहीसा होतो, असे अकिल यांना आढळले. उंदराला मॉर्फिन तर दिलेलेच नव्हते! मग औषध अडवत होते ते काय, याचे उत्तर १९७५ साली ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूजेस आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे केले तेव्हा मिळाले. मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो, हे आता उघड झाले होते.

ही यंत्रणा निसर्गात कोण चालू करते, हा पुढचा प्रश्न होता. ताण हे उत्तर समोरच होते, कारण पिट्यूटरी ग्रंथी ताणाच्या वेळी एसीटीएच या संप्रेरकाबरोबरच बीटा-एंडॉर्फिन हे अफूसारखे द्रव्यही सोडते, असे १९७७ साली रोजे गिलमँ यांच्या गटाने दाखवले होते. पण एवढ्यावर न थांबता लीबेस्किंड यांच्या प्रयोगशाळेने १९८० साली ताणाचेच दोन प्रकार करून पाहिले. उंदरांच्या पायांना विजेचे झटके थोडा वेळ पण सलग दिले, किंवा थांबून थांबून बराच वेळ दिले, तरी दोन्हींत वेदना दबली. फरक असा की नॅलॉक्सोनने फक्त दुसऱ्या प्रकारातला परिणाम रोखला गेला. ‘ताणाने वेदना कमी होते’ हे विधान त्यामुळे अपुरे ठरले. ताण कसा आणि किती वेळ, यावर यंत्रणा बदलते. ताणाने वेदना वाढण्याचा प्रश्न मात्र या प्रयोगांच्या कक्षेबाहेरच राहिला.

माझ्या मते या कामाचा सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष १९८४ सालचा आहे. ज्या ताणात मेंदूतील अफूसदृश द्रव्ये काम करत होती, म्हणजे थांबून थांबून दिलेल्या झटक्यांच्या, त्याच ताणाने गाठींच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशींची क्षमता घटवली. थोडा वेळ सलग दिलेल्या झटक्यांच्या ताणाने घटवली नाही. मॉर्फिनच्या मोठ्या मात्रेचाही परिणाम तसाच होता. मग शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन देणे घातक म्हणावे का? १९९३ साली याच गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगात उलट घडले : शस्त्रक्रियेमुळे फुप्फुसांत कर्करोगाच्या गाठी अधिक रुजत होत्या आणि मॉर्फिन दिल्यावर ही वाढ कमी झाली. न शमवलेली वेदना हाच एक ताण आहे, हा लीबेस्किंड यांचा आग्रह या निरीक्षणाशी जुळणारा होता.