ताकद आणि वेगाची चाचणी (खेळाडूंची)

खेळाडूच्या स्नायूंत जोर किती आहे, तो किती झटक्यात बाहेर येतो आणि पळताना, वळताना, उडी मारताना त्यातला किती कामी येतो, हे ठरलेल्या पद्धतीनं मोजून आकड्यात मांडणं म्हणजे ताकद-वेग चाचणी. तिचा उपयोग दोन जागी होतो. दुखापतीतून उठलेल्याला मैदानात परत कधी सोडायचं ते ठरवायला, आणि धडधाकट खेळाडूचं सरावात कुठं कमी पडतंय ते बघायला. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत ३० मीटर धाव, उभ्यानं लांब उडी, व्हर्टिकल जंप, मेडिसिन बॉल फेक, ६×१० मीटर शटल रन, ८०० मीटर धाव असतात, पोलीस भरतीत १६०० मीटर (मुलींना ८००), १०० मीटर आणि गोळाफेक असते, त्यामुळे या चाचण्यांची तोंडओळख कोकणातल्या पोरापोरींना असतेच.

उगम : आखाड्यात दगडी नाल उचलून जोर दाखवायची रीत आपल्याकडे जुनी आहे, पण त्यात नाल उचलला की नाही एवढंच कळतं, किती कमी पडला ते कळत नाही. हा 'किती' सांगणारं पहिलं यंत्र कोणाचं यावर एकमत नाही. एक मत श्रेय देतं लंडनचा घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम याला. त्याच्या यंत्रात इंग्लंडमधला शास्त्रज्ञ देसाग्युलिए (मृत्यू १७४४) यानं सुधारणा केली, म्हणजे यंत्र १८ व्या शतकाच्या पूर्वार्धातलं धरावं लागतं, त्याहून नेमकं साल लावणं धोक्याचं. दुसरं मत फ्रान्सच्या एद्मे रेन्ये याच्या बाजूचं. त्यानं लंबवर्तुळाकार स्प्रिंगचा डायनामोमीटर (जोर मोजायचं यंत्र) केला आणि त्याचं वर्णन १७९८ मध्ये छापलं. निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँनं तसं यंत्र मागितलं होतं असं सांगतात, आणि ब्युफाँ १७८८ ला वारला, तेव्हा निदान कल्पना तरी छपाईच्या दहाएक वर्षं आधीची असावी. काळ बघितला तर ग्रॅहम आधीचा यात शंका नाही. पण त्याचं यंत्र म्हणजे अवजड सांगाडा, एका जागेवर ठेवून वापरायचा, आणि रेन्येचं हातात धरून कुठंही नेता येत होतं, दुसऱ्याला तेच माप पुन्हा घेऊन पडताळता येत होतं, त्यामुळे आजच्या चाचणीचं मूळ रेन्येपासून धरणं जास्त बरोबर वाटतं.

याच यंत्रानं पहिला मोठा घोटाळाही झाला. १८०० ते १८०४ च्या फ्रेंच सफरीत पेराँ या निसर्गशास्त्रज्ञानं ते ऑस्ट्रेलिया आणि तिमोरकडे नेलं, तिथल्या लोकांच्या हातात दिलं आणि युरोपी माणूस त्यांच्यापेक्षा बळकट असा निष्कर्ष काढला. पुढे बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ केटले यानं १८३५ च्या आपल्या ग्रंथात त्याच प्रकारच्या यंत्राची मापं दिली तर ती आधीच्यांशी जुळेनात. पेराँचा निष्कर्ष आता कोणी धरत नाही. आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेलं यंत्र दाबणाऱ्याचा आकडा आणि सवय झालेल्याचा आकडा शेजारी ठेवता येत नाही, आणि ही चूक आजही जिममध्ये रोज होते, नव्या पोराची पहिलीच चाचणी खरी धरतात.

दवाखान्यातली वाट वेगळी आहे. बॉस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट यांच्याकडे पोलिओची मुलं येत. त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी हातानं विरोध देऊन स्नायू तपासायची पद्धत १९१२ मध्ये मांडली, आणि १९१५ मध्ये मार्टिन व लव्हेट यांनी त्याच मुलांचे स्नायू स्प्रिंगच्या काट्यानं मोजले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची स्नायूच्या जोराची ० ते ५ ची श्रेणी १९४३ ची, ती अजून प्रत्येक केसपेपरवर दिसते. पोलिओ किंवा नस दबलेल्या रुग्णाला ती उत्तम, खेळाडूला मात्र जवळजवळ निरुपयोगी, कारण कबड्डीपटूची मांडी तपासणाऱ्याच्या हाताला भारीच पडते, दोन्ही पायांना ५ पैकी ५ लिहिलं जातं आणि दोन पायांतला २५-३० टक्के फरक तसाच लपून राहतो. १९४५ मध्ये डीलॉर्म यांनी दुखापत झालेल्या सैनिकांसाठी दहा वेळा उचलता येईल तेवढं जास्तीत जास्त वजन (१० आरएम) हे माप आणलं, १९६७ मध्ये हिस्लॉप आणि पेरीन यांनी आयसोकायनेटिक कल्पना मांडली, त्यात यंत्र सांध्याचा वेग (सेकंदाला ६० अंश वगैरे) पक्का ठेवतं आणि तुम्ही किती जोर लावला ते नोंदवतं. हे यंत्र महाग, मोठ्या केंद्रांतच असतं.

वेगाचं मोजमाप त्यामानानं सरळ. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२७ च्या सुमारास धावपटूच्या अंगावर चुंबक लावून आणि वाटेवर तारेची वेटोळी ठेवून टप्प्याटप्प्याचा वेळ घेतला, आज तेच काम लाइट गेट (धावपटूनं प्रकाशाचा झोत तोडला की वेळ नोंदवणारं यंत्र) करतात. हातातल्या स्टॉपवॉचनं वेळ कमी दिसते, कारण बंदुकीला अंगठा उशिरा हलतो आणि शेवटची रेघ आधीपासून दिसत असते. १०० आणि २०० मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करायची जुनी रीत आहे. पोलीस भरतीच्या सरावात १०० मीटरला १२.५ आले म्हणून खूश होण्याआधी हे बघावं.

निकाल कसा वाचायचा, यावरचा वाद : गुडघ्याचं एसीएल (सांधा धरून ठेवणारा आतला अस्थिबंध) ऑपरेशन झालेल्याला मैदानात सोडताना दुखऱ्या पायाचा जोर चांगल्या पायाच्या ९० टक्के हवा, एका पायावरच्या उड्यांतही तेवढंच, असा प्रघात आहे. ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांवर दाखवलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवला तितकी गुडघ्याची नवी दुखापत महिन्यामागे ५१ टक्क्यांनी कमी झाली. कसोट्या पार करून परतलेल्यांत ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पार न करता परतलेल्यांत ३८.२ टक्क्यांना. पण २०१७ मध्ये वेलसँट वगैरेंनी बोट ठेवलं ते चांगल्या पायावरच. सहा महिने घरी बसल्यावर तोही खंगतो. समजा दुखापतीच्या आधी तो ५० किलो ओढायचा, आता ४०, आणि दुखरा ३६ ओढतो, तर टक्के येतात ९० आणि पोरगा पास, पण जुन्या ५० शी ताडला तर ७२. म्हणून मोसमाआधीचा आकडा वहीत असणं फार मोलाचं. कोकणात कबड्डीच्या स्पर्धा पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर रंगतात, तेव्हा गणपतीनंतरचा आठवडा त्यासाठी बरा. पुढची दुखापत आधीच ओळखायला या चाचण्या वापराव्यात असं म्हणणारेही आहेत, पण नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये घेतलेले आक्षेप जास्त पटतात, कारण दुखापत होणाऱ्यांचे आणि न होणाऱ्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका रेघेवर त्यांची फाळणी होत नाही.

कोकणातल्या अडचणी : मोठी अडचण जमिनीची. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) पळणं सगळ्यांना फुकट आणि जवळ, पण लज्यून आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मोजलं तर वाळूत पळायला कडक जमिनीच्या १.६ पट ऊर्जा लागते, चालायला तर २.१ ते २.७ पट. वर कोरडी वाळू आणि खाली ओहोटीनं घट्ट झालेला ओला पट्टा यांतही मोठा फरक. दर सोमवारी सकाळी सहाला ३० मीटर घेतो म्हणणाऱ्याची जमीन दर सोमवारी वेगळी असते, भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. यावर उपाय दर्यावर्दी लोकांच्या हिशेबातच आहे, तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मिळते. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी, म्हणजे भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत पहाटे ओला पट्टा मिळतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी बाराच्या आसपास, आणि पहाटे पाणी सगळ्यात लांब गेलेलं. म्हणून अमावास्येनंतर पौर्णिमेला, त्याच घटकेला चाचणी घेतली तर वाळू पुष्कळशी सारखी मिळते. पुळणीला समुद्राकडे उतार असतो, धाव किनाऱ्याला समांतर घ्यावी आणि एक खेप या बाजूनं, एक त्या बाजूनं. सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या सपाट खडकाळ जागेवरच्या) कातळाचा आकडा पुळणीच्या आकड्याशी लावूच नये, आणि ऑपरेशन झालेल्या पायाला कातळावर उड्या मारायला लावू नयेत. पावसाळ्यात सगळंच मैदान चिखल. चिपळूणजवळच्या डेरवणसारखं क्रीडासंकुल आणि रुग्णालय एका आवारात असलेली ठिकाणं थोडी.

दुसरी अडचण यंत्राची, पण इथं लव्हेटच्या मुलांची जुनी युक्ती चालते. मासळीच्या जेटीवर वापरतात तो लटकवायचा डिजिटल काटा घ्यायचा, सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणारा, आधी २५ किलोच्या तांदळाच्या पोत्यानं पडताळायचा. खेळाडूला जड बाकावर बसवून गुडघा ९० अंशात, घोट्याच्या वर रुंद पट्टा, पट्ट्याला काटा, काटा साखळीनं बाकाच्या मागच्या पायाला. ओढ नडगीला काटकोनात हवी. पाच सेकंद पूर्ण जोर, मध्ये मिनिटभर विसावा, तीन खेपा, त्याआधी सवयीच्या दोन-तीन हलक्या. काट्याचे किलो गुणिले ९.८१ गुणिले गुडघ्यापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर (मीटरमध्ये) केलं की टॉर्क (सांध्याभोवती फिरवणारा जोर) मिळतो. ४० किलो आणि ०.३५ मीटरला १३७ न्यूटन-मीटर, ७० किलोच्या पोराला किलोमागे १.९६. नुसते काट्यावरचे किलो लिहिले आणि पुढच्या वेळी पट्टा दोन बोटं वर बांधला तर आकडा आपोआप वाढतो, म्हणून अंतर टेपनं मोजून वहीत हवंच. ऑपरेशनला किती आठवडे झाले त्यावर हे करायचं की नाही ते सर्जन आणि फिजिओ ठरवतील, कोच नाही.

उडी मोबाइलच्या स्लो मोशननं मोजता येते. पाय सुटल्याची आणि टेकल्याची फ्रेम बघून हवेतला वेळ काढायचा, त्याचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८ म्हणजे मीटरमध्ये उंची. अर्ध्या सेकंदाला ३०.७ सेंटिमीटर. टेकताना गुडघे दुमडले की वेळ वाढते आणि उंची खोटी येते, अशी उडी नोंदवू नये.