मूत्रपिंडाचा आजार आणि उपवासाचे ताट

एकादशीला अनेक घरांत जे पदार्थ होतात, त्यांतील बहुतेकांमध्ये पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजारात नेमके तेच शरीराबाहेर टाकणे अवघड होऊन बसते. रक्तातील पोटॅशियमची पातळी सर्वसाधारणपणे लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल असते. ती बरीच वाढली तर हृदयाची लय बिघडते, आणि कधी कधी त्याआधी कोणतेही लक्षण जाणवत नाही.

खिचडीतला साबुदाणा यात दोषी नाही. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असून 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पोटॅशियम जेमतेम 11 मिलिग्रॅम असते. भार वाढतो तो त्यात पडणाऱ्या जिनसांनी: 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 700, बटाट्यात 400 आणि राजगिऱ्यात 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. शिवाय रताळे, केळे, खजूर आणि दुपारचे शहाळे आहेच. आजाऱ्याला प्रेमाने दिल्या जाणाऱ्या शहाळ्याच्या एका मोठ्या पेलाभर पाण्यातूनच 500 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम पोटात जाते.

म्हणून बटाटा कायमचा सोडावा असे नाही. पोटॅशियम पाण्यात विरघळते, त्यामुळे बटाटा सोलून, बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकडला आणि ते पाणी फेकून दिले, तर निम्म्याच्या आसपास पोटॅशियम निघून जाते; किसून उकडल्यास त्याहूनही अधिक. फोडी नुसत्या भिजवून ठेवल्याने मात्र फारसा उपयोग होत नाही, आणि सालासकट उकडलेल्या अख्ख्या बटाट्यातील बरेचसे पोटॅशियम आतच राहते.

काहीच न खाता दिवस काढणे हा उपायही सुरक्षित नाही. जेवणानंतर स्रवणारे इन्सुलिन रक्तातील पोटॅशियम पेशींमध्ये ढकलते. दीर्घ उपवासात इन्सुलिन घटते, आणि डायलिसिसवरील रुग्णाच्या रक्तात अशा वेळी पोटॅशियम न खाताही वाढू शकते. मधुमेह असल्यास साखर एकदम उतरण्याचा धोका वेगळाच. उपवास करायचा की नाही, हे म्हणून ताज्या रक्ततपासणीचा अहवाल समोर ठेवून डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

मिठाबद्दल तर दुहेरी गैरसमज आहे. दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे सपाट चमचाभर, साधारण 5 ग्रॅम मीठ, ही मर्यादा बहुतेक रुग्णांना सांगितली जाते. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ते या हिशेबातून सुटत नाही. त्याहून घातक म्हणजे ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ: त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाबासाठी घरात आणलेली ती पुडी मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या आमटीत जाता कामा नये.

फळांपैकी सफरचंद किंवा पेअर बेताने चालते. पण पाच धारांचे आंबट करमळ (स्टार फ्रूट) मात्र पूर्णपणे टाळावे. त्यातील कॅरॅम्बॉक्सिन हे मज्जासंस्थेला घातक द्रव्य ब्राझीलमधील संशोधकांनी 2013 साली ओळखले. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते, रुग्णाच्या शरीरात ते साचते. न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. कोकणात आणि गोव्यात हे झाड अनेकांच्या परसात असते, म्हणून हे ठळकपणे सांगावेसे वाटते.

मूत्रपिंडाच्या आजारात रक्तात साचणाऱ्या फॉस्फरससाठी एवढे लक्षात ठेवावे की डाळी-धान्यांतील फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषते, तर कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज आणि मांसाचे तयार पदार्थ यांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषले जाते. त्यामुळे वरण बंद करण्याआधी बाटल्या आणि पाकिटे बंद करावीत.

प्रथिनांचे गणित आजाराच्या टप्प्यानुसार उलटते, आणि सर्वांत जास्त नुकसान येथेच होताना दिसते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रौढ रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. डायलिसिस सुरू झाल्यावर त्या प्रक्रियेतच प्रथिनांचे घटक वाहून जातात, म्हणून हेच प्रमाण किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमपर्यंत वाढवावे लागते. घरी मात्र जुनाच कागद फ्रिजवर चिकटलेला असतो आणि त्यावरची ‘डाळ, अंडी, पनीर कमी’ ही सूचना महिनोन्महिने पाळली जाते. स्नायू झिजत जातात, आणि अंगावरील सुजेमुळे वजनकाट्यावर ते चटकन लक्षातही येत नाही.