यूनियन सैनिक

यूनियन सैनिक : अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेकडून, म्हणजे संघराज्याच्या (यूनियन) बाजूने लढलेला सामान्य शिपाई. यांतील बहुतेक जण कायम सैन्यातले नव्हते. राज्यांनी उभारलेल्या रेजिमेंटांत दाखल झालेले ते स्वयंसैनिक होते. एप्रिल १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी प्रथम ७५,००० माणसे मागितली, तीही ९० दिवसांपुरती.

पूर्वायुष्य : एकूण संख्येविषयी मतभेद आहेत. सुमारे २७ लाख हा आकडा भरतीच्या नोंदींचा असून मुदत संपल्यावर पुन्हा दाखल झालेला शिपाई त्यात दोनदा मोजला जातो. म्हणून २० ते २२ लाख हा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो. खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन गोल्ड यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जवळजवळ निम्मे शिपाई शेतीवरचे होते व सरासरी वय २६ च्या आत होते. सर्वाधिक नोंदलेले वय १८. मात्र कोवळी मुले वय वाढवून सांगत, हे ध्यानात घेऊनच हा आकडा वापरावा. १८६३ च्या सक्तीच्या भरतीत ३०० डॉलर भरून सुटका करून घेता येई. हे युद्ध गरिबांच्याच माथी मारले गेले, ही तक्रार त्यातून बळावली. तथापि १८६० च्या जनगणनेशी व्यवसाय ताडून पाहता श्वेतवर्णीय शिपायांत अकुशल मजुरांचा भरणा जास्त होता असे दिसत नाही.

सुमारे १,७९,००० शिपाई कृष्णवर्णीय होते. त्यांतले अनेक काल-परवापर्यंत गुलाम होते. श्वेतवर्णीयाला १३ डॉलर मासिक वेतन मिळत असता त्यांना १० डॉलरच ठरले होते व त्यांतूनही कपड्यांचे ३ डॉलर कापून ७ च हाती येत. हा उघड अन्याय जून १८६४ मध्ये दूर झाला.

सुमारे ३,६०,००० जण मृत्युमुखी पडले, बहुतांशी रोगांनी.

उत्तरायुष्य : मे १८६५ मध्ये दहा लाखांवर असलेल्या स्वयंसैनिकांपैकी सुमारे आठ लाख नोव्हेंबरपर्यंत घरी परतले. १८७२ च्या कायद्याने सरकारी जमीन मिळविताना सैन्यातील काळ त्यासाठी आवश्यक असलेल्या पाच वर्षांच्या वास्तव्यात धरला जाऊ लागला. १८६२ च्या कायद्यानुसार पूर्ण अपंग शिपायाला दरमहा ८ डॉलर निवृत्तिवेतन होते. १८९० मध्ये, ९० दिवस सेवा झालेल्या व अंगमेहनत न झेपणाऱ्या शिपायाला, अपंगत्व युद्धातले नसले तरी, ते मिळू लागले. यामागे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या माजी यूनियन सैनिकांच्या संघटनेचा रेटा होता. निवृत्तिवेतनासाठी शेजाऱ्यांनी व विधवांनी दिलेल्या जबान्या हे या माणसांच्या घरगुती आयुष्याचे सर्वांत मोलाचे साधन होय. अशा एका शिपायाच्या मुलीला २०२० मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत दरमहा ७३.१३ डॉलर मिळत होते.